एकाच घाटाच्या तीन गिटार, किंमत दुपटीदुपटीने चढती: फरक नेमका कुठे आहे?

उशिराची रियाजवाली

अकरा वर्षं अकूस्टिक वाजवतेय. गेलं दीड वर्ष मैत्रिणीची इलेक्ट्रिक माझ्याकडे होती, आता तिला ती परत हवी आहे. म्हणजे स्वतःची घ्यायची वेळ आली. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) या इलेक्ट्रिक गिटारचाच घाट हवा, यावर चर्चा नको. मांडीवर नीट बसते, फासळ्यांना टोचत नाही, आणि नेककडचा (गिटारच्या दांड्याकडचा) आणि मधला असे दोन पिकअप (तारांचं कंपन टिपणारे चुंबकी भाग) एकत्र लावले की जो पोकळ, पाणीदार आवाज येतो, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

तीन गिटार मनात आहेत. स्क्वायरची (हा फेंडरचाच स्वस्त ब्रँड) क्लासिक व्हाइब सिक्स्टीज, फेंडरची प्लेयर टू आणि फेंडरचीच अमेरिकन प्रोफेशनल टू. पहिलीहून दुसरी साधारण दुप्पट, दुसरीहून तिसरी पुन्हा दुप्पट. पहिली आज घेऊ शकते. तिसरी घेतली तर पुढचे कितीतरी महिने हात आखडून राहावं लागेल.

एकाच दुपारी तिन्ही एकाच अ‍ॅम्पवर वाजवल्या आणि घरी आल्याआल्या वहीत लिहून ठेवलं:

पहिली: डी तारेवर तिसरा फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) दाबला की झर्र. जी तार बेंड करून (बाजूला ओढून) सोडली की सुरातून उतरते. नेकची पाठ चकचकीत, अंगठा अडखळतो. व्हॉल्यूम सहावर आणला की आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा.

दुसरी: काही खटकलं नाही. लक्षात राहण्यासारखंही काही नाही.

तिसरी: हात आपोआप वर सरकतो. व्हॉल्यूम कमी केला तरी आवाज स्वच्छ. पंधराव्या फ्रेटच्या पुढे गेले तरी मनगट वाकडं करावं लागलं नाही.

आता घरी बसून शंका येतेय. हे सगळं मी खरंच ऐकलं, की वाजवायच्या आधी किमतीची चिठ्ठी वाचली होती म्हणून ऐकू आलं? चौपट पैसे मोजून मिळतं काय?

तार तुटेपर्यंत

तिसरी घ्या. मी स्वस्तापासून सुरुवात केली आणि पाच वर्षांत तीन बदलल्या. प्रत्येक वेळी जुनी विकताना निम्मेही पैसे हातात आले नाहीत. एकदा बसून हिशेब मांडला आणि पोटात गोळा आला. वही फाडून टाकली, बायकोला सापडायच्या आत.

कानसवाला

ताई, तुम्ही वहीत लिहून ठेवलंत हे फार बरं केलंत. नाहीतर लोक "तिसरीचा फील भारी होता" एवढंच सांगतात आणि त्यावर बोलायला काही उरत नाही.

मी सतरा वर्षं गिटार दुरुस्त करतो. नाव घेतलंय तशी कानस दिवसभर हातात असते. विकत काहीच नाही, त्यामुळे तुम्ही कुठली घेता यात माझा काही फायदा नाही. आधी एक विचारतो: पहिलीच्या तारा कधी बदललेल्या होत्या? बहुतेक कारखान्यातून आल्या त्याच असतील, महिनोन्‌महिने टांगलेल्या. महागड्या गिटारीला दुकानदार रोज पुसतो, सुरात ठेवतो. स्वस्त गिटार भिंतीवर वाळत असते. तुमच्या वहीतल्या निम्म्या तक्रारी तिथूनच आल्या असणार. एकेक घेऊ.

डी तारेवरची झर्र. दाबलात तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे संशय पुढच्या फ्रेटांवर, आणि पहिला चौथ्यावर. एक तर तो शेजाऱ्यांपेक्षा केसभर वर आलाय, नाहीतर नेक अगदीच सपाट बसलाय. नेकला किंचित पोक हवा, कारण हलणाऱ्या तारेला जागा लागते. बघायची रीत सोपी आहे. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, त्याच तारेला नेक बॉडीला मिळतो तिथे बोटाने दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत किती फट राहते ते पाहा. पाव मिलिमीटर म्हणजे उत्तम. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. फट अजिबातच नसेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) पाव फेरा सैल केला की काम होतं, पाच मिनिटांचं. फट ठीक असूनही झर्र येत असेल तर एखाद्या कार्डाची सरळ कड तीन फ्रेटांवर आडवी ठेवा, बाजूच्या दोघांवर बोट टेकवा. कड डुलली तर मधला फ्रेट उंच. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण माझ्या धंद्यात कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं.

जी तार उतरते, तो नटचा (खुंट्यांच्या अलीकडच्या, तारांसाठी खाचा असलेल्या पट्टीचा) दोष. खाच अरुंद आहे, तार तिच्यात अडकते. बेंड करताना तार ब्रिजकडे (बॉडीवर तारा अडकवलेल्या टोकाकडे) ओढली जाते आणि सोडल्यावर पूर्ण परत येत नाही, म्हणून उतरते. खुंटी फिरवून सूर चढवताना मध्येच "टिण्‌" असा बारीक आवाज येतो का, ऐका. तोच पुरावा. आता गंमत बघा: क्लासिक व्हाइबचा नट हाडाचा आहे आणि अमेरिकन प्रोफेशनलचाही हाडाचाच. हाड दोन्हीकडे तेच, खाच कापायला दिलेला वेळ वेगळा. खाचेत मऊ शिसपेन्सिल फिरवली तरी बऱ्याचदा भागतं. नाही भागलं तर कानस. पण ती घरी चालवू नका. धंद्याच्या पहिल्या वर्षी मी एका गिऱ्हाइकाच्या नटवर एक हात जास्त मारला होता. एकच. पहिली तार मोकळी वाजवली की झणझणायला लागली. नवा नट स्वतःच्या खर्चाने बसवला, आणि हाड घासताना जो जळका वास येतो तो दोन दिवस नाकातून गेला नाही.

व्हॉल्यूम सहावर आणल्यावर आवाज दबतो, ही तक्रार वाचून मला हसूच आलं, राग मानू नका. तिसरीतली ती जादू म्हणजे एक कपॅसिटर आहे. व्हॉल्यूमचं बटण खाली आणलं की वरचे स्वर आधी गळतात, हा त्या सर्किटचा स्वभावच. ते स्वर वळसा घालून पुढे पोचावेत म्हणून अमेरिकन प्रोफेशनलमध्ये ट्रेबल ब्लीड बसवलेलं येतं. पहिलीत नाही. सोल्डरिंग आयर्न तापायला जितका वेळ लागतो तितक्यातच ते बसवूनही होतं, आणि तो सुटा भाग म्हणजे या सगळ्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू.

मग तिसरीत खरं काय जास्त आहे? तुम्ही शेवटी जे लिहिलंत ते. मनगट वाकडं करावं लागलं नाही. तिच्या नेकचा बॉडीला जोडलेला टाचेचा भाग तिरका कोरलेला आहे, पहिलीचा चौकोनी ठोकळा आहे. हे मागाहून करून मिळत नाही. म्हणजे मिळतं, पण करवत बघून तुम्हीच गिटार उचलून निघून जाल. दुसरं, फ्रेटबोर्डच्या (नेकच्या फ्रेट बसवलेल्या पृष्ठभागाच्या) कडा. प्लेयर टू आणि अमेरिकन प्रोफेशनल या दोन्हींच्या कडा गोलसर करून येतात, वर्षानुवर्षं वाजवलेल्या जुन्या नेकसारख्या. "हात आपोआप सरकतो" त्यात या कडांचा मोठा हात. तिसरं, फ्रेटची टोकं. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, धातू आकसत नाही. मग टोकं बाहेर डोकावतात आणि तळव्याला करवतीसारखी लागतात. स्वस्त गिटारीत टोकांवर कमी वेळ दिलेला असतो. अर्थात कोरडा महिना महागड्या गिटारीलाही चुकत नाही.

पिकअपबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, ते मला बोलकं वाटलं. क्लासिक व्हाइबमध्ये अल्निको (धातूंच्या एका मिश्रणाच्या) चुंबकांचे पिकअप आहेत. स्क्वायरच्याच त्याखालच्या अ‍ॅफिनिटी मालिकेत सिरॅमिक असतात, आणि तो फरक बहुतेकांना ऐकू येतो: अ‍ॅफिनिटीचा आवाज थोडा कडक, सपाट. म्हणजे आवाजातली मोठी उडी तुमच्या पहिल्या पायरीच्याही खाली आहे. पहिली ते तिसरी यात आवाज बदलतो, पण दुप्पट-चौपट नाही. पिकअप म्हणजे शेवटी चुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे आठेक हजार वेढे. ते उत्तम कसे गुंडाळायचे हे आता बऱ्याच कारखान्यांना जमतं.

आणखी एक, जे दुकानात कोणी सांगणार नाही. तिन्हींची तारेची लांबी एकच, साडेपंचवीस इंच. फ्रेटबोर्डच्या गोलव्याची त्रिज्याही एकच, साडेनऊ इंच. फ्रेट मात्र पहिली आणि तिसरीचे अरुंद आणि उंच, दुसरीचे मध्यम-जाड. तुम्ही अकरा वर्षं अकूस्टिकच्या जाड तारा दाबल्यात. उंच फ्रेटवर तेवढ्या जोराने दाबलंत तर सूर चढतो, कॉर्ड किंचित बेसूर होते आणि खापर गिटारीवर फुटतं. दुसरीत काही खटकलं नाही, त्याचं हेही एक कारण असू शकेल.

मी काय करीन? जे बदलता येतं त्यासाठी जास्त पैसे मोजणार नाही. खुंट्या, नट, पिकअप, बटणं, स्विच, सगळं बदलता येतं. नेकची जाडी, टाच, फ्रेटची बैठक हे जन्मजात. म्हणून नेक निवडा आणि त्याला चिकटून जी गिटार येईल ती घ्या. आणि एकाच मॉडेलच्या दोन-तीन काढायला लावा. एका मालिकेतल्या दोन गिटारींत जेवढा फरक सापडतो तेवढा कधीकधी दोन मालिकांतही सापडत नाही.

सगळं बदलून पाहिलेला

कानसवाल्यांच्या बाकी सगळ्याशी सहमत, पण "बदलता येतं" या दोन शब्दांनी माझा घात केलाय म्हणून लिहितोय.

एक स्वस्त स्ट्रॅट घेतली, कुठली ते सांगत नाही. आधी खुंट्या बदलल्या, लॉक होणाऱ्या बसवल्या. नव्या खुंट्यांना जुनी भोकं लहान पडली. मग पिकअप. मग लक्षात आलं की बटणं छोट्या आकाराची आहेत, नवीन मोठी आत बसत नाहीत, खाच मोठी करा. मग ट्रेमोलोचा (सूर हलवणाऱ्या दांडीखालचा) ठोकळा जस्ताचा म्हणून पोलादी मागवला. स्क्रूंमधलं अंतर जुळेना, म्हणून अख्खा ब्रिजच. शेवटी हिशेब केला तर प्लेयर मालिकेतली गिटार आली असती आणि वर हार्डकेस. विकायला काढली तेव्हा येणारा प्रत्येक जण हेडस्टॉकवरचं (नेकच्या खुंट्यांकडच्या टोकावरचं) नाव वाचायचा आणि त्या नावाचाच भाव सांगायचा. आत काय घातलंय याला शून्य किंमत. सुटे भाग काढून वेगळे विकले आणि मूळचे परत बसवले, तेव्हा कुठे थोडं तोंड वर काढता आलं.

म्हणून घेताना स्वतःशी प्रामाणिक राहा. आहे तशी वाजवणार असाल तर पहिली उत्तम आहे. तुम्हीही माझ्यासारख्या रात्री दोनला पिकअपचे व्हिडिओ बघणाऱ्यांतल्या असाल, तर दुसरी घ्या आणि स्क्रूड्रायव्हर कुणाला तरी देऊन टाका.

घरघर

कोणीच अ‍ॅम्पचं विचारलं नाही? ताई घरी कशावर वाजवणार आहेत? चौपट किमतीची गिटार आणि डब्यासारखा वाजणारा छोटा अ‍ॅम्प, हे मी मित्राच्या घरी रोज ऐकतो. पहिली गिटार आणि उरलेल्या पैशातला काही भाग बऱ्या अ‍ॅम्पला, माझं मत तिकडे.

दुसरं, सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा पिकअप) आहे म्हणजे घरघर येणार. घरातल्या विजेची कंप्रता ५० असो की ६० हर्ट्‌झ, ती पिकअपमध्ये शिरतेच, आणि गिटार महाग म्हणून ती लाजून बाहेर थांबत नाही. तुम्हाला आवडतो तो दोन पिकअपचा जोड आवाज मात्र इथे कामाला येतो. मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट ध्रुवाचा असेल तर दोघांची घरघर एकमेकांना मारते. दुकानात तपासा: त्या जागेवर पिकअप निवडायचा स्विच आणला की पाठीमागची घूं बंद व्हायला हवी.

त्या आवाजाची कथाही छान आहे. १९५४ मध्ये स्ट्रॅट आली तेव्हा स्विचला तीनच जागा होत्या, हा जोड आवाज बनवणाऱ्यांच्या योजनेतच नव्हता. वाजवणाऱ्यांनी स्विच दोन जागांच्या मध्ये अडकवून तो शोधला. पाच जागांचा स्विच कंपनीने १९७७ मध्ये दिला. म्हणजे तुमचा आवडता आवाज वीसेक वर्षं स्विच मध्येच अडकवून काढला जात होता.

उशिराची रियाजवाली

सगळ्यांचे आभार. अ‍ॅम्प आहे, मैत्रीण तो परत मागत नाहीये, बरा आहे. काल पुन्हा गेले होते, या वेळी तयारीनिशी. सोबत भावाला नेलं. त्याला गिटारमधलं काही कळत नाही, म्हणूनच नेलं.

पहिल्यांदा पहिलीला नव्या तारा लावायला सांगितल्या. दुकानदाराने आढेवेढे घेतले, तारांचे पैसे देते म्हटल्यावर लावल्या. मग कॅपो, मग कार्ड. फट बरोबर होती. मग कार्डाची कड तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या फ्रेटवर ठेवली आणि ती डुलली! डुगडुग, अगदी स्पष्ट. भावाला दाखवलं, तोही दोनदा हलवून बघायला लागला. दुकानदाराने आतून त्याच मॉडेलची दुसरी आणली. तिची कड कुठेच डुलली नाही, झर्र नाही. जी तार मात्र हिचीही टिण्‌ करते.

मग डोळे मिटून बसले. भाऊ एकेक गिटार मांडीवर ठेवत गेला, क्रम त्याच्या मनाने, व्हॉल्यूम सगळ्यांचा दहावर. आवाजावरून ओळखायला गेले तर तीनदा चुकले. एकदा पहिलीला तिसरी समजले आणि वर "बघ, हिचाच आवाज" असंही म्हणाले. भाऊ अजून हसतोय. हाताने मात्र तिसरी प्रत्येक वेळी ओळखली, तार छेडायच्याही आधी. टाचेवर तळवा ठेवला की कळतंच. त्यामुळे किमतीची चिठ्ठी वाचल्यामुळे आवाज आवडला, हे खरं, आणि हात आवडला तो चिठ्ठीमुळे नाही, हेही खरं.

पंधराव्या फ्रेटच्या पुढे मी किती जाते, याचा रात्री विचार केला. महिन्यातून दोनदा. तेही कोणी ऐकत नसताना.

तर क्लासिक व्हाइब घेतली, ती दुसरी आणलेली. नटला शिसपेन्सिल फिरवली, टिण्‌ जवळपास गेलंय. आता एकच प्रश्न उरलाय: नेकची चकचकीत पाठ. अर्धा तास वाजवलं की अंगठा चिकटायला लागतो. ती चकाकी घालवता येते का? घरी करण्यासारखं आहे, की हेही नटच्या खाचेसारखंच?

कानसवाला

घरी करण्यासारखं आहे. खाचेसारखं नाही, यात चुकलात तरी सुधारता येतं.

तारा सैल करा. हेडस्टॉक, फ्रेटबोर्डच्या कडा आणि टाचेचा भाग यांवर मास्किंग टेप लावा, म्हणजे फक्त पाठ उघडी राहील. मग स्वयंपाकघरात भांडी घासतात तसल्या नायलॉनच्या पॅडचा अगदी बारीक प्रकार मिळतो, करड्या रंगाचा, तो घेऊन नेकच्या लांबीच्या दिशेने घासा. आडवं कधीही घासू नका, ओरखडे दिसतात. जोर लावू नका. लाकडापर्यंत जायचं नाहीच, फक्त वरच्या थराची चमक मारायची. दहा-पंधरा हात मारले की पुसून अंगठा फिरवून बघा. पुरे वाटलं की थांबा.

स्टील वूल वापरू नका. चार शून्यांची बारीक वूल वापरणारे आहेत, कामही सुंदर होतं, पण तिचा भुगा पिकअपच्या चुंबकांवर जाऊन बसतो आणि तिथून निघता निघत नाही. माझ्याकडे एकदा एक गिटार आली होती, पिकअपला अक्षरशः मिश्या फुटल्या होत्या. चिकटपट्टी चिकटव, ओढ, चिकटव, ओढ, असं करत दुपार गेली. वूलच वापरायची असेल तर तिन्ही पिकअप आधी टेपने पूर्ण झाका.

आणि काही महिन्यांनी हाताच्या घर्षणाने पाठ पुन्हा थोडी चकाकायला लागेल. घाबरू नका, पॅड फेकला नसेल तर पुन्हा चार हात मारा.